गलक्याच्या बाई

आमच्या बाईंना वर्गातली शांतता सहन होत नसे. इतर शिक्षक वर्गात पाऊल टाकताच "गप्प बसा!" म्हणत. आमच्या बाई आत येत, खुर्ची भिंतीला सरकवत, पदराच्या गाठीतून खडूचा तुकडा काढत आणि आम्ही हाताची घडी घालून बसलेलो दिसलो की कपाळाला आठी पाडून विचारत, "काय झालं? कुनी मेलंय का?"

धारूरच्या डोंगराकडेला असलेली आमची शाळा सात खोल्यांची. त्यातल्या सहा खोल्यांतून पाढ्यांचा नाहीतर छडीचा आवाज यायचा आणि सातव्या खोलीतून आमचा गलका. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. बाईंना गावात सगळे 'गलक्याच्या बाई' म्हणत, ते नाव त्यांच्या कानावरही होतं आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मोठ्या गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी मात्र एकदा दारात उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, ह्यो वर्ग हाय का बाजार?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, बाजारात एक तरी मानूस झोपलेला दिसतो का?"

शेजारच्या वर्गात तेव्हा मागच्या बाकावर दोघंजण खरंच झोपलेले होते. गुरुजी त्यांना उठवायला गेले आणि आमच्याकडे परत फिरकले नाहीत.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा अशी, की प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि आपण जाऊन दाराच्या चौकटीत, आमच्याकडे पाठ करून, बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत उभं राहायचं. "मी हितंच हाय. तवर तुमी ठरवा." मग आम्ही ठरवायचो, म्हणजे भांडायचो. भांडण कुठवर आलं हे त्यांना पाठमोऱ्यानेच कळायचं. आवाज चढला की त्या हलत नसत, आवाज पडला की वळत. वळल्यावर विचारणार कुणाला, हे कधीच सांगता यायचं नाही, आणि विचारणार काय, हे तर त्याहून नाही. कारण "तुझं उत्तर काय?" असं बाईंनी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. त्या विचारत, "तुझ्या जोडीदाराचं उत्तर काय? आन् त्याला तसं कावून वाटतं?"

यात आम्हा हुशारांची फार पंचाईत व्हायची. मी हुशार होते. हे मी आज लाजत सांगते आहे, तेव्हा लाजत नव्हते. मला स्वतःचं उत्तर पाठ असायचं आणि शेजारणीने काय सांगितलं ते मी ऐकलेलंच नसायचं. मग बाई मला उभं ठेवत आणि म्हणत, "नंदे, तुला येतं ते तुझ्यापाशी ठेव. सांगता येत न्हाई ते येत न्हाई." हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दहा वेळा यायचं.

वर्गात सगळ्यांच्या जोड्या लावलेल्या होत्या. आमच्या गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतायची. बाईंनी जोडी लावताना एक मागे राहणारं लेकरू आणि एक जाणारं, अशी बांधली. माझ्या वाट्याला केशर आली. केशरचे आईबाप ऊसतोडीला जात. माझे वडील, आण्णा, गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. आमची जोडी बाईंनी का लावली असेल ते मला फार उशिरा कळलं, तेव्हा एवढंच दिसायचं की केशरच्या वहीला तेलाचे डाग असतात आणि तिला प्रत्येक गोष्टीत "कावून?", म्हणजे का, असं विचारायची खोड आहे.

पहिल्या चाचणीत गणितात मला पन्नासपैकी एकेचाळीस पडले आणि केशरला चौतीस. बाईंनी दोघींच्या नावापुढे चौतीस लिहिले. जोडीतले कमी मार्क तेच दोघींचे मार्क. "गाडी हळू बैलाच्याच चालीनं जाती. पळणाऱ्यानं वळून बघावं," असं वर स्पष्टीकरण. मी रडत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आण्णा शाळेत आले. टोपी सारखी करून, सोसायटीच्या मीटिंगला बसतात तशा आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"बाई, आमच्या पोरीनं एकेचाळीस घेतले. तुमी चौतीस कावून लावले?"

"आण्णा, तुमच्या म्हशीच्या दुधाला फॅट किती लागतं?"

"लई चांगलं लागतं. गावात एक नंबर."

"आन् कॅन शीतकरण केंद्रावर गेल्यावर? तिथं चेअरमनच्या म्हशीचं दूध कोणतं, ते वेगळं दिसतं का?"

"तिथं कसं दिसंल? तिथं अख्ख्या गावाचा कॅन असतो."

"मग माझ्याकडं बी अख्ख्या गावाचा कॅन हाय."

आण्णा हसले. त्यांना हरायची सवय नव्हती, पण चांगलं बोलणाऱ्या माणसापुढे ते हरत. जाता जाता त्यांनी नुसतं रीतीप्रमाणे विचारलं, "शाळेला काय लागलं सवरलं तर सांगा." बाई लगेच म्हणाल्या, "सोसायटीत पावत्यांचे वापरलेले कार्बन असतात ना, ते टाकू नका. मला द्या." तक्रार घेऊन आलेला माणूस कार्बन पेपरचा शब्द देऊन परत गेला.

ते दुष्काळाचं साल होतं. पोळ्यापासूनच विहिरींचे तळ दिसायला लागले. सोसायटीत रोज चार कॅन दूध भरायचं ते एका कॅनवर आलं, आणि गावात टँकर सुरू झाला. टँकर नेमका शाळेच्या वेळात यायचा. हॉर्न वाजला की मोठ्या गुरुजींच्या वर्गातली पोरं खिडकीतून उड्या टाकायची आणि दुसऱ्या दिवशी मार खायची. आमच्या वर्गात बाईंनी हुकूम काढला, "जोडीतल्या एकानं घागरींचा नंबर धरायचा, एकानं हितं धडा धरायचा. आल्यावर एकमेकाला सांगायचं. पानी बी पायजे आन् धडा बी पायजे." मग निम्मा वर्ग पाण्याला आणि निम्मा भूगोलाला. केशर नंबर धरायला पटाईत होती, त्यामुळे आमच्या घराच्या घागरीही तीच भरायची आणि मी तिला परतल्यावर दोन वाक्यांत धडा सांगून मोकळी व्हायचे. सौदा फायद्याचा आहे असं मला वाटायचं.

त्या वर्षी माजलगावच्या धरणातच पाणी नव्हतं, तर जवळच्या कारखान्यांना ऊस कुठून मिळणार? आमच्या गावच्या टोळ्या लांब कर्नाटकात निघाल्या, आणि दसऱ्याचीही वाट न बघता निघाल्या. सातवीचा आमचा वर्ग एका आठवड्यात अर्धा झाला. जायच्या दिवशी बाईंनी प्रत्येक जोडीच्या मागे राहणाऱ्याला एक लांब वही आणि एक कार्बन दिला. वरचं पान आपलं, खाली कार्बन, त्याखालचं पान जोडीदाराचं. रोज जे लिहायचं ते असं लिहायचं. जोडीदार परतला की त्याची पानं काढून, सुई-दोऱ्याने शिवून त्याच्या हातात द्यायची. "वरची पानं मी तपासीन," बाई म्हणाल्या, "खालची बघनार न्हाई. ती तुमच्या जोडीची. मला इश्वास हाय."

केशर टेंपोत भांड्यांवर बसली होती. तिने ओरडून सांगितलं, "नंदे, अक्षर ठळक काढ!"

पहिले काही दिवस मी ठळक काढलं. मग एका दिवशी घाईत कार्बन उलटा बसला. संध्याकाळी बघते तर केशरचं पान कोरं, आणि माझ्याच पानाच्या पाठीवर सगळी अक्षरं उलटी उमटलेली. पुन्हा लिहून काढायला हवं होतं. मी कंटाळा केला. आणि त्या कंटाळ्यातच मला एक युक्ती सुचली. केशर मागे पडली की बाईंना आमची जोडी मोडावी लागेल, आणि माझे एकेचाळीस माझ्यापाशी राहतील. पहिल्या दिवशी ती चूक होती. दुसऱ्या दिवसापासून मी कार्बन मुद्दाम उलटा घातला. बाई रोज वरचं पान तपासून बरोबरची खूण करत होत्या आणि खालचं पान उचलून बघत नव्हत्या. त्यांनी एकदा उचलून बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, इतकं ते कोरं पान मला टोचायचं. तरी मी कार्बन सुलटा केला नाही. सोसायटीच्या चेअरमनची मुलगी होते, एकदा ठराव मांडला की मागे घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

ऊस कमी, म्हणून हंगामही लवकर उरकला. शिवरात्रीच्या सुमारास एका सकाळी केशर वर्गात येऊन उभी राहिली. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, पाय फुटलेले, आणि आल्या आल्या तोंडभर हसून, "नंदे, माझी पानं?"

मी वही पुढे केली नाही. बाईंनीच ती माझ्या बाकावरून उचलली आणि केशरची पानं काढायला म्हणून उघडली. पहिली सात-आठ पानं निळी. पुढचं कोरं. त्याच्या पुढचं कोरं. बाईंनी माझं एक पान उलटून पाठ बघितली. आणखी एक उलटलं. मग वही मिटली. बाई केशरला म्हणाल्या, "कार्बन उलटा पडला गं पोरी. चूक झाली. आता ही तुला सगळं तोंडानं सांगंल." आणि माझ्याकडे न बघता, "शाळा सुटल्यावर दोघींनी थांबायचं. रोज. दिवस मावळेपर्यंत."

त्यांनी मला मारलं असतं तर मी आज त्यांच्यावर चार ओळीही लिहिल्या नसत्या.

मी वाचून दाखवायची, केशर लिहायची. तिसऱ्या दिवशी अपूर्णांकांचा भागाकार आला. मी धडाधड वाचलं, "भागाकार करताना दुसऱ्या अपूर्णांकाची उलटापालट करावी व गुणावे."

"कावून?"

"नियम हाय."

"नियम हाय ते कळलं. कावून हाय?"

"बाईंनी सांगितलंय म्हणून!"

दाराच्या चौकटीत बाई आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मी मदतीसाठी तिकडे बघितलं. कडुलिंबाला त्या वर्षी धड पालाही नव्हता, पण बाई त्याच्याकडे अशा टक लावून बघत होत्या की जणू त्याची मोजदाद चालली आहे. केशर पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "हे बघ. अर्धी मोळी हाय. त्यातून पाव-पाव मोळीच्या पेंढ्या बांधायच्या. किती व्हत्यात? दोन. म्हंजे अर्ध्याला पावानं भागलं तर उत्तर दोनच यायला पायजे. आता तुझा नियम लावून बघ."

मी लावून बघितला. दोन आले.

अपूर्णांकात मला नेहमी पैकीच्या पैकी पडायचे. भागाकार केल्यावर उत्तर मोठं का होतं, ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं, आणि ते ऊस तोडून आलेल्या मुलीने सांगितलं. बाई वळल्या नाहीत, पण पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता तू तिला परत सांग, नंदे. तुझ्या शब्दांत."

त्यानंतर आमचा गलका सुरू झाला. मी चिडायची, ती हटायची नाही. एकदा चिडूनच मी म्हणाले, "तुला एवढं कशाला पायजे गं? पास झालीस की झालं!" केशर लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "पास झाले तरच झालं. बा म्हणलाय, सातवी निघाली तर धारूरला पुढं शिकवतो. न्हाई निघाली तर औंदाच कुनाच्या तरी संगं कोयता जोडून देतो."

आमच्या भागात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कोयता जोडून देणं म्हणजे लग्न. केशर तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने हे सांगितलं आणि पुन्हा मान खाली घालून लिहायला लागली, आणि तिच्या पुढ्यातली ती कोरी पानं मला दिसेनात इतकं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझे एकेचाळीस मार्क वाचवायला निघाले होते. त्या रात्री मी जेवले नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला.

पुढचे दोन महिने मी जे शिकवलं, त्यासाठी आधी मला शिकावं लागलं. केशरच्या "कावून"ला उत्तर नसलं की मी बाईंकडे धावायची आणि बाई म्हणायच्या, "दोघी मिळून या." दोघी गेलो की त्या उत्तर द्यायच्या नाहीत, आणखी एक प्रश्न द्यायच्या. आमचं बघून इतर जोड्याही शाळा सुटल्यावर रेंगाळायला लागल्या. बाई आपल्या खोलीवरची पाण्याची कळशी आणून दारात ठेवायच्या. टँकरचं मोजून मिळालेलं पाणी ते. आम्ही दोन-दोन घोट प्यायचो.

सातवीची परीक्षा तेव्हा केंद्रावर, परगावच्या शाळेत व्हायची. तिथे नंबर वेगळे, बाक वेगळे. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी आम्हाला कडुलिंबाखाली गोळा केलं. "उद्या जोडी सुटली," त्या म्हणाल्या. "एकेकट्यानं लिहायचं. पन लिहिताना समजायचं, की आपला जोडीदार पुढ्यात बसलाय आन् त्याला कळंना झालंय. त्याला कळंल असं लिहा." गणिताच्या पेपराला मी तसंच लिहिलं. माझ्या प्रत्येक ओळीपुढे केशर "कावून?" म्हणत बसलेली होती.

केशर पास झाली. गणितात तिला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त होते. निकालाच्या दिवशी आण्णा शाळेत आले तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "आण्णा, आता तुमच्या पोरीमुळं जोडी खाली येती. कमीचं मार्क लावू का दोघींना?" आण्णांनी दोन्ही हात जोडले. आणि केशरच्या बापाला मागे-पुढे करू न देता, तिला धारूरच्या शाळेत घालायला ते स्वतः बरोबर गेले. बाईंनी त्यांना काय सांगितलं होतं, देव जाणे.

त्याच जूनमध्ये बाईंची बदली झाली. एसटीच्या टपावर त्यांची ट्रंक चढली, स्टोव्ह त्यांनी मांडीवर घेतला. आम्ही सगळे गोळा झालो होतो आणि कधी नव्हे ते अगदी गप्प होतो. बाई खिडकीतून म्हणाल्या, "बोला की रे काहीतरी!" गाडी सुरू झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तिला सांगितलंस का?"

मी मान हलवली. नाही.

"सांग कवातरी. मी न्हाई सांगनार." गाडी निघाली.

मी सांगितलं नाही. आठवीत सांगितलं नाही, दहावीत नाही, तिच्या लग्नात नाही. केशर नर्सिंग शिकली, आता एका आरोग्य उपकेंद्रात आहे. मी बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवते. दीडशे मुलं बसतात, टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि पालक त्याचं कौतुक करतात. कधीकधी मी मुलांकडे पाठ करून दारात जाऊन उभी राहते. मागून काही ऐकू येत नाही, फक्त पंख्याचा आवाज. मग मी मुकाट्याने फळ्याकडे येते. केशरचा फोन आठवड्यातून दोनदा तरी असतो. प्रत्येक फोनच्या शेवटी ते वाक्य माझ्या जिभेवर यायचं आणि मी "ठेवते मग" म्हणायची. गणितात लोक मला मानतात, पण एवढं एक वाक्य मला सांगता येत नव्हतं. म्हणजे बाईंच्या हिशेबाने मला ते येतच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. केशरनेच फोन करून कळवलं. बाईंच्या गावी, केजच्या पलीकडे, तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. आम्ही दोघी शेजारी बसलो. आजूबाजूला वेगवेगळ्या गावांतले बाईंचे विद्यार्थी, कुणी टक्कल पडलेले, कुणी नातवंडं घेऊन आलेले. भाषणं झाली. बाई किती शिस्तप्रिय होत्या हे एका पाहुण्याने सांगितलं, तेव्हा निम्मा हॉल खाली बघून हसला. मग सूत्रसंचालकाने सांगितलं, की आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची आहे.

सगळे उभे राहिले. हॉल गप्प झाला. समोर बाईंचा फोटो होता, हार घातलेला, आणि फोटोतही त्यांच्या कपाळाला ती आठी. मला ती शांतता सहन होईना. मी केशरच्या कानाशी लागून म्हणाले, "केशर, सातवीला तो कार्बन मी मुद्दाम उलटा घातलता."

केशरने डोळे उघडले नाहीत. हात जोडलेले तसेच ठेवून पुटपुटली, "एक दिवस उलटा पडला म्हणलं तर पटंल, नंदे. चार-चार महिने कुनाचा कार्बन उलटा पडतो?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. लई रडले व्हते बाईंपाशी. तुझ्यासंगं बसनारच न्हाई म्हणले."

"मग?"

"बाई म्हणल्या, राग धरायचाच तर परीक्षा झाल्यावर धर. आधी तिच्याकडून सगळं काढून घे." तिने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "मग परीक्षा झाली, आन् राग धरायचा राहूनच गेला बघ."

मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम, आणि ते दाबताना नको तेवढा आवाज झाला. पुढच्या रांगेतले गृहस्थ मागे वळून म्हणाले, "शूऽऽ! दोन मिनिटं शांतता हाय." पण तोवर आमच्या मागच्या रांगेत एक बाई शेजारणीला सांगायला लागल्या होत्या, की बाईंनी त्यांची जोडी कुणाबरोबर लावली होती, आणि त्यांच्याही मागे कुणीतरी विचारत होतं, "कावून?"